उसनं घेतलेलं वाक्य

पत्र

नमस्कार,

तुमचं सदर नेमाने वाचते, लिहायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. गेली चौदा वर्षं एका संस्थेत नोकरी करते आहे. तीन महिन्यांपूर्वी आमच्या विभागाची प्रमुख झाले. हाताखाली बेचाळीस माणसं. त्यांच्यासमोर उभी राहिले की अजून वाटतं, परवापर्यंत मी यांच्याच रांगेत बसून आधीच्या साहेबांवर कुरकुरत होते.

कॉलेजपासून मला चांगली वाक्यं वहीत उतरवून ठेवायची सवय आहे. पद मिळाल्यावर ती वही उपयोगी पडेल असं वाटलं. पहिल्या भाषणात मी सहा थोर माणसांची वाक्यं घेतली. गांधीजींचं ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो बदल तुम्ही स्वतः व्हा’ हे होतं, मंडेलांचं ‘आपली सर्वांत मोठी भीती आपण दुबळे असण्याची नसते’ हे होतं, आणखीही होती. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी आमच्याकडून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सर जवळ आले आणि चार लोकांदेखत म्हणाले, “बाई, गांधीजी असं कुठे म्हणाले आहेत ते मला दाखवाल का?” मला दाखवता आलं नाही.

त्यानंतर मी बैठकांमध्येही एखादं वाक्य म्हणते, वातावरण हलकं व्हावं म्हणून. गेल्या आठवड्यात तोंड उघडायच्या आत एक सहकारी म्हणाला, “मॅडम, आज कोणत्या महापुरुषाची पाळी?” सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

तीन आठवड्यांनी आमचा वार्षिक मेळावा आहे. मला नेतृत्व आणि पुढची दिशा यावर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. लोक आधीच वैतागलेले आहेत. रजेचे अर्ज तीन-तीन आठवडे पडून राहतात, ही सगळ्यांची जुनी तक्रार. वहीतून बारा वाक्यं काढून सोबत पाठवते आहे. यातली कोणती घेऊ? किती घेऊ? की हा नादच सोडून देऊ?

— वहीवाली

उत्तर

प्रिय वहीवाली,

नाद सोडू नका. पण त्या सहकाऱ्याचं वाक्य वहीत लिहून ठेवा. ‘आज कोणत्या महापुरुषाची पाळी?’ तुमच्या तीन महिन्यांचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. एका समारंभात मी चौथी वक्ती होते. माझं भाषण ‘हजार मैलांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो’ या वाक्याने सुरू होणार होतं. पहिल्या वक्त्याने तेच म्हटलं. दुसऱ्याने ‘आत्ताच आपण ऐकलंत त्याप्रमाणे’ असं म्हणत ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्या बाईंनी ते अगदी शेवटी, डोळे मिटून म्हटलं. माझ्या कागदावर सुरुवातीला दुसरं काही नव्हतंच. मी उठले, धीर करून ‘हजार मैलांचा’ म्हणाले, आणि मागच्या रांगेतल्या चार पोरांनी पुढचं वाक्य माझ्याबरोबर सुरात पूर्ण केलं. त्या दिवशी लक्षात आलं की ते वाक्य माझ्या भाषणातून काढलं तर खाली काहीच उरत नाही. मी त्याच्यावर उभी नव्हते, त्याच्या आड उभी होते.

आपल्याकडे ‘उसनं अवसान’ असा शब्द आहे. नव्याने पद मिळालेल्या माणसाला अवतरणांचा मोह का होतो, ते त्यात नेमकं आलं आहे. आपल्या बोलण्याला वजन आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून लिंकनचं वजन आणायचं. पण उसनं आणलेलं फेडावं लागतं. ऐकणारे बाकी काही नाही तरी एवढा हिशेब बरोबर ठेवतात: बाईंनी सहा वाक्यं घेतली, स्वतःचं त्यावर किती घातलं?

तुमच्या यादीतलं दुसरंच वाक्य बघा. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले.’ नेतृत्वावर बोलणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. तुकोबांच्या अभंगात मात्र ‘वंदावी’ नाही, ‘वंदीन’ आहे. बोले तैसा चाले, त्याची वंदीन पाउले. आणि पुढची ओळ, जी सहसा कुणी म्हणत नाही: अंगे झाडीन अंगण, त्याचे दासत्व करीन. वंदीन, झाडीन, करीन. सगळी क्रियापदं पहिल्या पुरुषातली. तुकोबा तिथे कुणाला उपदेश करत नाहीत. असा माणूस भेटला तर मी स्वतः काय करीन ते सांगतात, थेट अंगण झाडण्यापर्यंत. आपण ते वाक्य वापरून वापरून ‘वंदावी’ करून टाकलं. म्हणजे इतरांनी वंदावी. एक प्रत्यय बदलला आणि बोलणारा माणूस वाक्यातून निघून गेला. त्यात भर म्हणजे आपण ते खुर्चीवर बसून, आपल्याच हाताखालच्या लोकांना ऐकवतो. मग ‘पाउले’ कुणाची, हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच.

लोकमान्यांचं वाक्य असंच कान देऊन ऐका. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ इथपर्यंत ते एक तत्त्व आहे. त्याखाली सही करायला फार धैर्य लागत नाही. ‘आणि तो मी मिळवणारच’ इथे ‘मी’ आला, आणि शेवटी तो ‘च’ आला. त्या एका अक्षराची किंमत मोजायची तयारी असल्याशिवाय ते अक्षर उच्चारता येत नाही. (हे वाक्य मी एका बैठकीत तिमाही उद्दिष्टांबद्दल वापरलेलं ऐकलं आहे. सगळे टेबलाकडे बघत होते.)

म्हणून मी स्वतःसाठी एक चाळणी केली आहे. कुणाचंही वाक्य घेतलं की त्याच्या खाली ‘म्हणून मी’ असं लिहायचं आणि पुढचं पूर्ण करायचा प्रयत्न करायचा. ‘म्हणून आपण सर्वांनी’ चालणार नाही. ‘म्हणून मी’च. जमलं तर वाक्य राहतं. नाही जमलं तर ते वहीत परत जातं. वाक्य वाईट आहे म्हणून नाही, माझ्याजवळ त्याला जोडायला काही नाही म्हणून.

आता जिथे हे उत्तम जमलं आहे असा एक नमुना दाखवते, कारण चांगलं कसं दिसतं ते कळल्याशिवाय वाईट टाळता येत नाही. 25 नोव्हेंबर 1949. घटना समितीत डॉ. आंबेडकरांचं समारोपाचं भाषण. त्यात नेतृत्वाविषयी, खरं तर नेत्यांपुढे लोटांगण घालण्याविषयी, एक परिच्छेद आहे. ते आधी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा सांगतात: कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, आपल्या संस्था उलथवता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नका. मग समोरच्याच्या मनात येणारा आक्षेप स्वतःच बोलून दाखवतात, की देशासाठी आयुष्य वेचलेल्यांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही. आणि त्या कृतज्ञतेला मर्यादा असतात हे सांगायला आयरिश नेता डॅनियल ओ’कॉनेल आणतात: कोणतंही राष्ट्र आपल्या स्वातंत्र्याची किंमत देऊन कृतज्ञ राहू शकत नाही.

इथे आपल्यापैकी बहुतेक जण थांबले असते. दोन परदेशी विचारवंत, दोन झकास वाक्यं, टाळ्या. बाबासाहेब थांबत नाहीत. पुढचंच वाक्य आहे की हा इशारा इतर कोणत्याही देशापेक्षा भारताला अधिक लागू आहे. का? कारण इथल्या राजकारणात भक्तीला जेवढं स्थान आहे तेवढं दुसरीकडे कुठेच नाही. आणि मग त्यांचं स्वतःचं वाक्य येतं: धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे.

आज लोक उद्धृत काय करतात ते बघा. मिलचं वाक्य क्वचित, ओ’कॉनेलचं त्याहून क्वचित. सगळ्यांच्या तोंडी आहे ते शेवटचं, बाबासाहेबांचं. उसनी घेतलेली दोन वाक्यं शिडीसारखी वापरली, वर पोचल्यावर स्वतःचं सांगितलं. वाक्य कुणाचं, ते इथे आत्ता का लागू, आणि त्यावर माझं म्हणणं काय, हे तिन्ही चार-सहा ओळींत. तुमच्या भाषणात पहिलं होतं. दुसरं आणि तिसरं नव्हतं.

दुसरा प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. 4 एप्रिल 1968 च्या रात्री दिवंगत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात प्रचारसभेसाठी आले. त्याच संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, आणि समोरच्या गर्दीतल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय, लोकांपैकी अनेकांना ते माहीतच नव्हतं. केनेडींनी बातमी तिथेच सांगितली. मग म्हणाले की तुमच्या मनात आत्ता जो द्वेष उसळत असेल तो मला कळतो. माझ्याही घरातला माणूस असाच मारला गेला. हे सांगून झाल्यावर, त्याआधी नाही, त्यांनी ग्रीक कवी एस्किलसच्या ओळी म्हटल्या: विसरता न येणारं दुःख झोपेतही थेंबाथेंबाने काळजावर गळत राहतं, आणि मग आपली इच्छा नसतानाही शहाणपण येतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ओळी, उघड्यावर उभ्या असलेल्या जमावापुढे. त्या पेलल्या, कारण आधी स्वतःच्या भावाचं मरण त्यांनी पुढे ठेवलं होतं. ते पाठ म्हणत होते आणि त्यात एक शब्दही चुकले. कुणाला काय फरक पडला?

शब्द चुकला तर चालतो, नाव चुकलं तर मात्र पंचाईत होते. आता तुमच्या त्या ज्येष्ठ सरांकडे येऊ.

सर बरोबर होते. ‘जगात जो बदल पाहायचा आहे’ हे वाक्य त्या शब्दांत गांधीजींच्या लेखनात सापडत नाही. त्यांच्या संकलित वाङ्मयाचे शंभर खंड आहेत, त्यामुळे शोधणाऱ्यांनी काही कसर ठेवलेली नाही. 1913 साली त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’ मध्ये लिहिलं होतं ते साधारण असं: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, माणूस आपला स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे बघण्याचा दृष्टिकोनही बदलतो. भाव जवळचा आहे. पण यात ‘तुम्ही व्हा’ अशी आज्ञा नाही, ‘आपण’ आहे. मला तरी हेच जास्त आवडतं. टी-शर्टवर मावणार नाही, हा एवढाच त्याचा दोष.

तुमचं मंडेलांचं वाक्यही मंडेलांचं नाही. ते मेरिअन विल्यमसन या अमेरिकी लेखिकेच्या 1992 सालच्या पुस्तकातलं आहे. मंडेलांनी 1994 च्या शपथविधीच्या भाषणात ते म्हटलं ही दंतकथा आहे. तुमच्या यादीतलं सातवं, ‘आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता’, हेही गांधीजींच्या खात्यावर उगाच जमा आहे. त्याच्याशी खूप मिळतंजुळतं बोलणं 1918 साली निकोलस क्लाइन नावाच्या अमेरिकी कामगार नेत्याच्या भाषणात आहे, आणि त्याचा शेवट ‘मग ते तुमची स्मारकं बांधतात’ असा आहे. तो शेवट जास्त बोचरा आहे, नाही का? चाणक्याच्या नावावर तुम्ही जे नववं लिहिलं आहे त्याबद्दल मी बोलतच नाही. मोबाइलवर येणाऱ्या चाणक्याने एवढं लिहिलं असतं तर त्याला राज्य चालवायला वेळच मिळाला नसता.

तपासायचं कसं? वाक्याबरोबर साल, जागा आणि प्रसंग मिळतो का ते बघायचं. कोणत्या दिवशी, कुणासमोर, कशावरून. नुसतं वाक्य, खाली नाव आणि मागे सूर्यास्ताचा फोटो असेल तर ते संशयित समजायचं. प्रसंग शोधायला गेल्याचा फायदा दुहेरी आहे: वाक्य खोटं असेल तर कळतं, आणि खरं असेल तर सांगायला गोष्ट मिळते. अमेरिकेतल्या गेटिसबर्गला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिसमारंभात, लिंकनच्या आधी नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. लिंकन दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी एव्हरेटने लिंकनला कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत विषयाच्या गाभ्याशी जेवढे पोचलात तेवढा मी दोन तासांत पोचलो असेन तर मला धन्यता वाटेल. ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी’ हे म्हणण्यापेक्षा हा प्रसंग सांगाल तर लोक ऐकतील. एक तर तो त्यांना पाठ नसतो, आणि हरलेल्या वक्त्याचा मोठेपणा हा नेतृत्वाचाच धडा आहे.

नावाची खात्री नसेल तर ‘असं म्हणतात’ पुरेसं आहे, कमीपणा नाही त्यात. आणि चारचौघांत कुणी पकडलंच तर? “बरं झालं सांगितलंत, मी तपासते.” बस. वाद नको, सारवासारव नको. तुमच्या सरांना 1913 चा तो उतारा छापून नेऊन द्या. बघा, पुढच्या भाषणाआधी ते स्वतःहून तुमचा कागद वाचून देतील.

अर्धं वाक्य तोडून घेण्याचीही खोड वाईट. ‘सामर्थ्य आहे चळवळेचे, जो जो करील तयाचे’ इथे आपण थांबतो. समर्थ थांबले नाहीत. पुढे ‘परंतु’ आहे, आणि भगवंताच्या अधिष्ठानाची अट आहे. तुम्हाला ती अट पटो न पटो, ती होती हे ठाऊक असलेला एक तरी श्रोता समोर असतोच. बहुधा पहिल्याच रांगेत.

आता तुमची यादी. बारापैकी तीन खोट्या नावाची, ती गेली. चार अशी आहेत की ‘म्हणून मी’ लावून बघितलं तर पुढे फक्त ‘प्रयत्न करीन’ येतं, तीही गेली. तुकोबांचं ठेवा, पण ‘वंदीन’ करून, आणि या मेळाव्यात नको. अकरावं, लाओत्सेच्या नावावरच्या प्राचीन चिनी ग्रंथातलं, मला फार प्रिय आहे: उत्तम नेत्याचं काम पुरं झालं की लोक म्हणतात, हे तर आम्हीच केलं. पण एक गंमत लक्षात घ्या. हे वाक्य नेत्याने स्वतः व्यासपीठावरून म्हटलं की त्याच क्षणी ते मोडतं. ‘मी अशी आहे की मी आहे हे तुम्हाला कळणारही नाही’ असं माइकवरून कसं सांगणार? ते तुमच्या निरोप समारंभात दुसऱ्या कुणीतरी तुमच्याबद्दल म्हणायचं वाक्य आहे. नेतृत्वावरच्या निम्म्याअधिक सुंदर वाक्यांची हीच अडचण असते. ती नेत्याचं वर्णन करतात, आणि बोलणारा आधीच नेत्याच्या खुर्चीत बसलेला असतो.

म्हणून ‘नेतृत्व’ हा शब्द नसलेली वाक्यं शोधत जा. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र वाचा. त्यात ‘नेता कसा असावा’ असं एक अक्षर नाही. धान्य, गवत, भाजी लोकांकडून रास्त दराने विकत घ्या, कुणावर जुलूम करू नका, आणि रात्री घरात दिवा तसाच ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो आहे. हे सांगितल्यावर बारीक लक्ष देण्यावर वेगळं अवतरण लागत नाही.

बोलण्याच्या तंत्राचं थोडक्यात. पंधरा मिनिटांना एक वाक्य, फार तर दोन. सुरुवातीला नको, सुरुवातीला लोक तुमच्याकडे बघत असतात, त्यांना तुम्हीच दिसायला हवं. वाक्य म्हणण्याआधी नाव सांगा, नंतर नको, नाहीतर लोक वाक्य ऐकायचं सोडून ‘हे कोण म्हणालं?’ याच्या मागे लागतात. म्हणून झाल्यावर दोन श्वास थांबा. मूळ परकी भाषेतलं असेल तर तुमच्या रोजच्या मराठीत सांगा. ‘तो म्हणाला होता की’ म्हणून अर्थ सांगितला तरी चालतं. कागदावरून वाचायची लाज बाळगू नका. आणि ‘कुणीतरी म्हटलंच आहे’ ही सुरुवात कायमची सोडा.

बैठकीतलं आणि खाजगी बोलणं मात्र सर्वस्वी वेगळं. व्यासपीठावर लोक ऐकायलाच बसलेले असतात. टेबलापाशी समोरच्याला स्वतः बोलायचं असतं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही एक संपलेलं, घोटीव, चकाकतं वाक्य मध्ये ठेवता. त्यावर तो काय बोलणार? मिलशी कोण वाद घालणार? साहेबाच्या तोंडचं सुभाषित म्हणजे चर्चेला लावलेलं कुलूप. कुणी रजेबद्दल, कामाच्या ताणाबद्दल, घरच्या आजारपणाबद्दल बोलायला आलं असेल तर सुभाषित हा सरळ अपमान आहे. माणूस दुखणं घेऊन आला आणि आपण त्याला फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवला. तिथे ‘मग तू काय केलंस?’ एवढा प्रश्न पुरतो. ग्रुपवर सकाळी पाठवायच्या वाक्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: नको.

एक प्रकारचं अवतरण मात्र बैठकीत हमखास चालतं. त्याच खोलीतल्या माणसाचं. “गेल्या मंगळवारी अमुक म्हणाले होते की यादी आधी आणि फोन नंतर, त्यामुळे आपले दोन तास वाचले.” नाव घेऊन, दिवस सांगून, सगळ्यांसमोर. गांधीजींना तुमच्या उद्धृत करण्याने काही मिळत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाला मात्र कळतं की बाई ऐकत होत्या, आणि लक्षातही ठेवतात. वही उलटी करा आणि मागच्या बाजूने ही वाक्यं लिहायला घ्या. पहिलं तुमच्याकडे आहेच, ‘कोणत्या महापुरुषाची पाळी’वालं. मेळाव्यात ते त्याचं नाव घेऊन, हसत सांगा. त्याची परवानगी मात्र आदल्या दिवशी विचारा, ऐनवेळी तोंडघशी पाडू नका. तुम्हाला टोचलेलं वाक्य तुम्ही स्वतः उचलून सर्वांपुढे ठेवलंत की त्यातला काटा जातो.

राहिलं भाषण. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुमच्या ध्यानात आलं नसेल: ‘परवापर्यंत मी यांच्याच रांगेत बसून आधीच्या साहेबांवर कुरकुरत होते.’ बाराच्या बारा वाक्यांपेक्षा मला हे आवडलं. मेळाव्याची सुरुवात याने करा. फार तर ‘आधीच्या साहेबांवर’ गाळा. लोक हसतील, आणि या वेळी तुमच्याबरोबर हसतील.

आणि एकच अवतरण घ्यायचं तर ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातलं घ्या, ते तुमच्या यादीत नाही: ‘मार्गाधारे वर्तावे, विश्व हे मोहरे लावावे, अलौकिक नोहावे, लोकांप्रति.’ आपण नीट वाटेने चालावं, जगाला त्या वाटेला लावावं, पण लोकांपासून वेगळं, अलौकिक होऊन बसू नये. शेवटचा चरण तुमच्यासाठीच आहे असं समजा. रांगेतून उठून खुर्चीत गेलेल्या माणसाला पहिला धोका ‘अलौकिक’ होण्याचाच असतो, आणि सहा महापुरुष बरोबर घेऊन उभं राहणं हा त्याचाच एक प्रकार होता.

ओवी म्हणून झाली की दोन श्वास. मग चाळणी. ‘म्हणून मी’ काय? तक्रार तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही स्वतः चौदा वर्षं केली आहे. ‘म्हणून मी ठरवलं आहे की रजेचा अर्ज माझ्या टेबलावर तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार नाही. उत्तर नकाराचं असेल, पण तीन दिवसांत येणारच.’ तो ‘च’ नीट उच्चारा. तीन दिवस जमणार नसतील तर आठ म्हणा, पण आकडा सांगा. आणि मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी जरा उशिरापर्यंत थांबून, टेबलावर आज जे अर्ज पडले आहेत ते निकाली काढून मगच घरी जा.